वर्गातील मदतनीस काढून घेतली, आता काय करावे?

प्रश्न: आम्ही मूळचे पुण्याचे. पतींच्या नोकरीमुळे गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये बर्कशायर भागात राहतो. आमचा सात वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक असून येथील सरकारी प्राथमिक शाळेत इयर टूमध्ये शिकतो. त्याचा ईएचसीपी (विशेष गरजा असलेल्या मुलाला मिळायची मदत नोंदवणारा प्लॅन) झालेला आहे आणि मागील वर्षभर एक टीचिंग असिस्टंट बाई शाळेच्या पूर्ण वेळात त्याच्याजवळ असत. जानेवारीपासून शाळेने अंदाजपत्रकातील तुटीचे कारण सांगून त्यांचे तास कमी केले. आता त्या सकाळी फक्त दोन तास येतात आणि तेवढ्यात तीन मुलांना सांभाळतात. प्लॅनमध्ये ‘गरजेनुसार मोठ्या व्यक्तीची मदत उपलब्ध राहील’ एवढेच लिहिले आहे, तासांचा उल्लेख नाही. मुलगा हल्ली टेबलाखाली जाऊन बसतो, डबा न उघडता परत आणतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी एकच्या सुमारास ‘आज त्याला लवकर घेऊन जाल का’ असा शाळेचा फोन येतो. मुख्याध्यापिका मनाने चांगल्या आहेत, त्यांचाही नाइलाज दिसतो. पतींना वाटते की आपण व्हिसावर आहोत, तक्रार करून वाईटपणा घेऊ नये. सासूबाई म्हणतात, मुलाला घेऊन पुण्याला निघून ये. मी काय करावे?
— एक आई

उत्तर: तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, ती म्हणजे मुलाचा ईएचसीपी झालेला आहे. अनेक पालकांना, आणि खेदाने सांगावे लागते की काही शाळांनाही, हा प्लॅन म्हणजे शाळेने आपल्या सोयीने पाळायचा एक सल्ला वाटतो. प्रत्यक्षात तो 2014 च्या चिल्ड्रन ॲण्ड फॅमिलीज ॲक्टखाली दिलेला कायदेशीर दस्तऐवज आहे आणि त्याच्या सेक्शन एफमध्ये लिहिलेली शैक्षणिक मदत मुलाला मिळवून देणे हे कायद्याच्या कलम 42 नुसार कौन्सिलचे (स्थानिक प्रशासनाचे) कर्तव्य आहे. हे कर्तव्य शाळेवर ढकलता येत नाही आणि ‘पैसे नाहीत’ या कारणाने ते संपतही नाही. शाळेच्या अंदाजपत्रकात तूट असेल, तर तो प्रश्न शाळा आणि कौन्सिल यांनी आपसांत सोडवायचा आहे. त्याची किंमत तुमच्या मुलाने दुपारी एक वाजता घरी जाऊन चुकवावी, असे हा कायदा कोठेही म्हणत नाही.

मुख्याध्यापिकांचा नाइलाज तुम्हाला जाणवतो तो खरा आहे आणि तो समजून घेतला तर पुढचे पाऊल अधिक नेमके पडेल. इंग्लंडमध्ये शाळेला मुख्यतः विद्यार्थिसंख्येवर पैसे मिळतात, आणि जन्मदर घटल्यामुळे प्राथमिक शाळांचे पट काही वर्षांपासून उतरत चालले आहेत. पट उतरला म्हणून शिक्षकाचा पगार किंवा इमारत तापवण्याचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. त्यातच विशेष गरजा असलेल्या मुलाच्या जादा मदतीसाठी लागणारे पहिले 6,000 पौंड शाळेने स्वतःच्या निधीतून घालावेत आणि त्यापुढचा खर्च कौन्सिलने द्यावा, अशी पद्धत 2013 पासून चालत आली आहे. परिणामी जी शाळा अशा मुलांना मनापासून सामावून घेते, तिच्याच तिजोरीवर सर्वाधिक ताण येतो. दुसरीकडे प्लॅन असलेल्या मुलांची आणि तरुणांची संख्या 2015 मध्ये सुमारे 2 लाख 40 हजार होती ती जानेवारी 2025 मध्ये 6 लाख 38 हजारांवर गेली आणि बऱ्याच कौन्सिलांची या खात्यातील तूट डोक्यावरून पाणी जावे इतकी वाढली. अशा वेळी शाळेला कात्री लावण्यासाठी जे पद सर्वांत आधी सापडते, ते टीचिंग असिस्टंटचे असते. सटन ट्रस्ट या शिक्षणविषयक संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 63 टक्के शाळाप्रमुखांनी या पदांवर कपात करावी लागल्याचे सांगितले होते. या बायका (बहुतांश बायकाच असतात) शाळा चालू असलेल्या आठवड्यांपुरताच पगार घेतात आणि तोही इतका तुटपुंजा असतो की जवळच्या सुपरमार्केटमधील नोकरी परवडते. तुमच्या मुलाच्या बाईंचे तास कमी झाले, म्हणजे त्यांचेही घर त्याच दिवशी अडचणीत आले, हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण पालक आणि मदतनीस एकमेकांचे प्रतिपक्षी नाहीत आणि मुख्याध्यापिकाही नाहीत. तुमचे म्हणणे तुम्हाला मांडायचे आहे ते कौन्सिलपुढे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ‘गरजेनुसार मोठ्या व्यक्तीची मदत उपलब्ध राहील’ हे वाक्य वाचायला बरे वाटते. पण त्यात कोणी, किती वेळ, कशासाठी आणि कोणते प्रशिक्षण घेऊन मदत करायची, यांपैकी काहीच नाही. गरज आहे की नाही हे ठरवणार कोण, हेही त्यात नाही. त्यामुळे दोन तासांत तीन मुलांमागे एक बाई ठेवूनही शाळा ‘मदत उपलब्ध आहे’ असे म्हणू शकते आणि कौन्सिल त्यावर मान डोलावू शकते. सरकारच्याच 2015 च्या कोड ऑफ प्रॅक्टिस या मार्गदर्शिकेत असे स्पष्ट म्हटले आहे की प्लॅनमधील तरतूद तपशीलवार आणि नेमकी असावी आणि सर्वसाधारणपणे मदतीचा प्रकार, तास, वारंवारता आणि मदत करणाऱ्याचे कौशल्य हे मोजता येईल अशा रीतीने लिहिलेले असावे. तुमच्या मुलाच्या सेक्शन एफमध्ये, उदाहरणादाखल सांगायचे तर, असे काही असायला हवे होते: ‘वर्गातील अध्यापनाच्या सर्व वेळी, आठवड्याला 25 तास, ऑटिझमविषयक प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती फक्त या मुलासाठी असेल; जेवणाच्या सुट्टीत आणि मैदानावरही तिची सोबत असेल; स्पीच थेरपिस्टने आखलेला भाषेचा कार्यक्रम ती रोज 20 मिनिटे वेगळ्या शांत जागेत घेईल; थेरपिस्ट प्रत्येक सत्रात एकदा शाळेत येऊन तो तपासेल आणि त्या व्यक्तीला मार्गदर्शन करेल.’ असे लिहिलेले असते तर जानेवारीत शाळेला तास कमी करण्यापूर्वी कौन्सिलला फोन करावा लागला असता.

म्हणून तुमचा मुख्य प्रयत्न त्या एका वाक्याच्या जागी नेमका मजकूर आणण्याचा असला पाहिजे. वर्षातून एकदा होणारा प्लॅनचा आढावा, म्हणजे ॲन्युअल रिव्ह्यू, परिस्थिती बदलल्यास आधीही मागता येतो आणि तुमच्या मुलाची परिस्थिती निःसंशय बदलली आहे. शाळेच्या सेन्कोला (विशेष गरजा असलेल्या मुलांची जबाबदारी असलेल्या शिक्षिकेला) आणि कौन्सिलच्या प्लॅन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला एकाच ईमेलमध्ये लवकरचा रिव्ह्यू मागा. सभेपूर्वी स्पीच थेरपिस्ट आणि एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट यांचे ताजे अहवाल मिळावेत असा आग्रह धरा आणि त्यांना विनंती करा की ‘त्याला साहाय्याचा फायदा होईल’ असे न लिहिता किती तास, कसले आणि कोणाकडून ते आकड्यांत लिहावे. कौन्सिलच्या नोकरीत असलेले तज्ज्ञ कधीकधी तास लिहायला कचरतात, त्यामुळे ही विनंती लेखी करावी आणि उत्तरही लेखी घ्यावे. सभा झाल्यापासून चार आठवड्यांत कौन्सिलने प्लॅन बदलणार की नाही हे कळवले पाहिजे आणि बदलायचे ठरल्यास सभेपासून बारा आठवड्यांच्या आत सुधारित प्लॅन अंतिम झाला पाहिजे. मधल्या काळात मसुदा तुमच्याकडे येईल आणि त्यावर म्हणणे मांडायला निदान 15 दिवस मिळतील. तो मसुदा वाचताना सेक्शन बी आणि सेक्शन एफ शेजारी ठेवा. बी मध्ये मुलाची जी जी गरज नोंदली आहे, तिच्यासमोर एफ मध्ये एक तरी तरतूद असलीच पाहिजे, हा साधा ताळा पुष्कळ उणिवा उघड्या पाडतो.

इतके होईपर्यंत मुलाने टेबलाखालीच बसावे का? मुळीच नाही. याच आठवड्यात कौन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसच्या संचालकांच्या नावे एक लहान पत्र पाठवा. त्यात मुलाच्या प्लॅनची तारीख द्या, त्याला पूर्वी काय मिळत होते आणि जानेवारीपासून काय मिळते ते दोन वाक्यांत लिहा, कलम 42 चा उल्लेख करा आणि मदत पूर्ववत करण्यासाठी कौन्सिल काय करणार आहे हे दहा कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवावे अशी मागणी करा. प्लॅनचा मजकूर मोघम असल्यामुळे या पत्राची धार थोडी कमी पडेल, हे तुम्हाला आधीच सांगितलेले बरे. पण वर्षभर पूर्ण वेळ मदत दिली गेली, याचा अर्थ गरज तेवढी होती हे शाळेनेच कृतीने मान्य केले होते, आणि ती काढल्यावर मुलाचे काय झाले याची नोंद तुमच्याजवळ असेल तर तो युक्तिवाद पुरेसा भक्कम होतो. म्हणून एका वहीत तारीखवार लिहीत जा: डबा परत आला, कपडे ओले होते, रात्री झोप लागली नाही, शाळेचा फोन किती वाजता आला आणि नेमके काय म्हणाले.

त्या फोनविषयी मला विशेष काळजी वाटते. ‘लवकर घेऊन जाल का’ हे शब्द विनंतीसारखे वाटतात आणि आपल्याकडचे पालक शाळेच्या शब्दाला मान देऊन धावत जातात. परंतु औपचारिक सस्पेन्शनची (तात्पुरत्या निलंबनाची) कार्यवाही आणि लेखी सूचना न करता, वागणूक सांभाळता येत नाही म्हणून मुलाला घरी पाठवणे, पालकांनी होकार दिला तरीही, इंग्लंडमध्ये बेकायदेशीर आहे. कमी वेळेचे टाइमटेबल ठेवायचे असल्यास त्याला पालकांची संमती, ठरावीक मुदत आणि पूर्ण वेळेकडे परतण्याचा आराखडा लागतो. पुढच्या वेळी फोन आला की शांतपणे विचारा, ‘हे सस्पेन्शन आहे का? असेल तर तसे पत्र द्या.’ मुलगा आजारी असेल तर तुम्ही त्याला आणालच. पण आजारी नसताना त्याला नेल्यास कागदोपत्री असे दिसते की पालकांनी आपणहून नेले आणि शाळेत मदत अपुरी पडल्याचा पुरावा कोठेच उरत नाही. मागील फोनांचा तपशील ईमेलने सेन्कोला कळवून तो मुलाच्या नोंदीत घालण्यास सांगा.

कौन्सिलने उत्तर दिले नाही किंवा टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार प्रक्रियेतून जाऊन लोकल गव्हर्न्मेंट ॲण्ड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येते. तेथे शुल्क नाही, आणि प्लॅनमधील मदत मिळाली नाही असे सिद्ध झाल्यास मदत हुकलेल्या प्रत्येक शालेय सत्रासाठी (टर्मसाठी) साधारणतः 900 ते 2,400 पौंड देण्याची शिफारस ते कौन्सिलला करतात. प्लॅनच्या मजकुराविषयीचा वाद मात्र ओम्बड्समन सोडवत नाहीत. त्यासाठी ट्रायब्युनल (न्यायाधिकरण) आहे. रिव्ह्यूनंतर कौन्सिलने प्लॅन बदलण्यास नकार दिला किंवा अंतिम सुधारित प्लॅनही मोघमच निघाला, तर निर्णयाच्या पत्रापासून दोन महिन्यांत किंवा मीडिएशनचे (तडजोडीच्या बोलण्यांविषयीचे) सर्टिफिकेट मिळाल्यापासून एक महिन्यात, यांतील जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत अपील करता येते. अपीलालाही शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, आणि सुनावणीपर्यंत गेलेल्या अपिलांपैकी 95 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत निकाल पूर्णतः किंवा अंशतः पालकांच्या बाजूने लागत आले आहेत. अडचण वेळेची आहे, कारण तारखा महिनोन् महिने पुढच्या मिळतात. पण पुष्कळदा अपील दाखल होताच कौन्सिल बोलणी सुरू करते, आणि तोवर हातात असलेला प्लॅन लागू राहतोच. प्रत्येक भागात सेन्डिआस ही मोफत व निःपक्ष सल्ला देणारी सेवा असते आणि आयपीएसईए ही संस्था पालकांना कायदेशीर माहिती व पत्रांचे नमुने देते. पहिले पत्र पाठवण्याआधी या दोहोंपैकी एकीशी बोलून घ्या.

मागणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, असे मला कळकळीने वाटते. केवळ तासांची संख्या परत आली म्हणजे सारे मिळाले असे नाही. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधील पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांच्या 2009 मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की ज्या मुलांना टीचिंग असिस्टंटची मदत सर्वाधिक मिळत होती, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी होती. दोष त्या बायकांचा नव्हता. त्यांना पूर्वतयारीला वेळ नव्हता, प्रशिक्षण नव्हते आणि सर्वांत अवघड मुलाला शिकवण्याचे काम शिक्षकाकडून सरकून त्यांच्याकडे गेले होते. हाच अभ्यास पुढे करून कपातीचे समर्थन केले जाते, तो त्याचा उफराटा वापर आहे, कारण नीट आखलेल्या आणि प्रशिक्षित मदतीने मुले पुढे जातात हेही नंतरच्या अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून तुमच्या मागणीत तासांबरोबर हेही असू द्या की वर्गशिक्षिका रोज काही वेळ स्वतः मुलाला शिकवील, मदतनीस बाईंना आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर बसून आखणी करायला वेळ मिळेल आणि मुलाने एकट्याने काय करायला शिकावे हे ठरलेले असेल. मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ‘आता तू लिही’ म्हणत दोन मिनिटे मागे सरणारी मदतनीस आणि त्याच्याऐवजी वही भरून देणारी मदतनीस, दोघींचे तास कागदावर सारखेच असतात.

तुमच्या पतींची धास्ती तिकडच्या अनेक मराठी घरांत मी ऐकली आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी मुलांचा मोलाचा काळ वाया गेला आहे. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (ठरावीक सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) अशी अट असली तरी पब्लिक फंड्सची यादी इमिग्रेशन नियमांतच दिलेली असते. तीत डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स आहे, चाइल्ड बेनिफिट आहे, त्यामुळे हे भत्ते साधारणपणे त्या अटीखाली मागता येत नाहीत आणि चुकूनही मागू नयेत. परंतु सरकारी शाळेतील शिक्षण त्या यादीत नाही आणि ईएचसीपीखाली मिळणारी शैक्षणिक मदतही नाही. कौन्सिलकडे तक्रार करणे किंवा ट्रायब्युनलमध्ये अपील करणे हा तेथे राहणाऱ्या पालकाचा कायदेशीर मार्ग आहे आणि त्याने व्हिसाची कोणतीही अट मोडत नाही. त्यांना ही यादी गृहखात्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचायला द्या. दुसऱ्याच्या सांगण्यापेक्षा स्वतः वाचलेल्याने माणसाची भीती लवकर जाते.

पुण्याला परतण्याचा निर्णय नोकरी, आजी-आजोबांचा आधार आणि तुमचे स्वतःचे मन पाहून घ्यायचा आहे; तो कपातीच्या धक्क्यात घेऊ नये. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सामान्य शाळेत प्रवेश आणि आवश्यक साहाय्य यांचा हक्क दिलेला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये प्रत्येक केंद्रासाठी एक याप्रमाणे 4,860 विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यताही दिली. पण एका केंद्रात अनेक शाळा येतात, त्यामुळे हा शिक्षक फिरता राहणार, आणि शहरांतील खासगी शाळांत पालकांनाच स्वतःच्या खर्चाने शॅडो टीचर (फक्त आपल्या मुलासोबत राहणारा मदतनीस) ठेवावा लागतो असा अनुभव सर्रास आहे. इंग्लंड सोडताच तेथील ईएचसीपीही संपतो. सासूबाईंच्या म्हणण्यामागे माया आहे आणि सुट्टीत मुलाला त्यांच्याजवळ नेणे त्याला मानवेलही. पण शाळेतील मदत टिकवण्याचा हक्क सध्या त्याला जितका पक्का मिळालेला आहे, तितका पुण्यात तयार मिळणार नाही.

हे वाचणाऱ्या ज्या पालकांच्या मुलाचा प्लॅन झालेला नाही, त्यांची बाजू अधिक लंगडी असते, कारण शाळेवर फक्त शक्य तितके प्रयत्न करण्याचे बंधन असते. त्यांनी शाळेच्या शिफारशीची वाट न पाहता स्वतःच कौन्सिलकडे मूल्यमापनाची मागणी करावी. ते करायचे की नाही हे कौन्सिलने सहा आठवड्यांत कळवायचे असते, आणि प्लॅन द्यायचे ठरल्यास मागणीपासून वीस आठवड्यांत तो हाती पडला पाहिजे. कायद्यात बदल करण्याची चर्चा तिकडे बराच काळ चालू आहे. पण नवा कायदा अमलात येईपर्यंत आजचाच लागू आहे, हे कोणी ‘आता नियम बदलत आहेत’ असे सांगितल्यास लक्षात ठेवावे.

रिव्ह्यूच्या सभेला एकट्या जाऊ नका. पती बरोबर आले तर तुम्ही बोलावे आणि त्यांनी कोण काय म्हणाले ते लिहून घ्यावे. सेक्शन ए हा मुलाच्या आणि पालकांच्या म्हणण्यासाठी राखलेला असतो, तो शाळेला भरू न देता तुम्ही घरून लिहून न्या. त्यात मुलाला काय आवडते, कशाने तो शांत होतो आणि मागील वर्षी त्या बाई शेजारी असताना तो काय काय करू शकत होता, हे लिहा. सभा संपली की त्याच संध्याकाळी ठरलेल्या गोष्टी ईमेलने सर्वांना पाठवून ‘यात काही चुकले असेल तर कळवावे’ असे विचारा.